टोळी आणण्याआधी ट्रॉली धुवा
(ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग)



गळीत हंगामाची तारीख मंत्री समिती ठरवील तेव्हा ठरवील, कारखान्याची तयारी मात्र कधीच सुरू झाली आहे. मिल, बॉयलर, टर्बाइन, पंप यांची एकेक वस्तू उघडून, पुसून, तपासून परत बसवली जात आहे. ओव्हरहॉलिंग केल्याशिवाय बॉयलर पेटवा, असे कोणताही सभासद म्हणणार नाही. परंतु याच कारखान्यापर्यंत ऊस पोचवणारी आपली ट्रॉली कोठे आहे ? मागच्या हंगामाची शेवटची खेप टाकून आली तेव्हा बांधाच्या कडेला जी सोडली, ती तिथेच गवतात उभी आहे. दसरा झाला की टायरमध्ये हवा भरायची, पिन टाकून ट्रॅक्टरला जोडायची आणि टोळी आणायला मराठवाड्याकडे सुटायचे, अशी आपल्याकडील बऱ्याच वाहतूकदारांची रीत आहे. या लेखात त्याच ट्रॉलीविषयी लिहायचे आहे.

ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, लागण आणि खताच्या मात्रा यांवर लिहावे, ट्रॉलीची उठाठेव कशाला, असे कोणी म्हणेल. म्हणणे चुकीचे नाही. पण शेतात पिकवलेला ऊस गव्हाणीत पडेपर्यंत तो पिकला असे मी धरत नाही. शिवाय ट्रॉलीत नुसता ऊस नसतो. हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी तिच्यातून माणसे येतात-जातात. बीड, पाथर्डी, धाराशिव या बाजूंनी टोळी निघते तेव्हा एका ट्रॉलीत दहा-बारा कोयत्यांचा संसार असतो. ज्वारी-बाजरीची पोती, भांडी, कोपीचे बांबू, ताडपत्री, सरपण, कोंबड्या, शेळी, आणि त्या सगळ्यावर बायका आणि लेकरे. अडीचशे-तीनशे किलोमीटरचा रस्ता, ट्रॅक्टरची चाल ताशी वीस-पंचवीस किलोमीटर. म्हणजे एक रात्र तरी वाटेत जाते. परदेशात हौशी लोक चाकांवरचे घर मोटारीमागे जोडून सहलीला जातात, त्याला कॅरॅव्हॅन म्हणतात. निघण्यापूर्वी ते तिचे टायर, जोड, दिवे सगळे पाहून घेतात. आपली ट्रॉली हे हौसेचे घर नव्हे, पण त्या रात्रीपुरते ते घरच असते. आणि ती ट्रॉली कोणा परक्याची नसते. तुमच्या-आमच्यापैकीच कोणा वाहतूकदार सभासदाची असते.

आधी धुणे, मग पाहणे

तपासणी कोठून सुरू करावी असे विचारले तर माझे उत्तर एकच : पाण्यापासून. गाडी धुणे म्हणजे ती चकचकीत दिसावी म्हणून करायचे काम, असा आपला समज आहे. प्रत्यक्षात ट्रॉलीचे सगळे दोष घाणीखाली दडलेले असतात. उसाचा रस सांडतो, त्यावर माती बसते, त्यावर पाचट चिकटते आणि असे थरावर थर चढून लोखंडावर बोटभर जाडीची पुटे तयार होतात. रस आंबला की आम्ल होतो आणि लोखंड खातो. पुटाच्या आत ओल राहते, त्यामुळे गंज बाहेरून दिसत नाही. वेल्डिंगला पडलेला तडा केसासारखा बारीक असतो. तो मातीखाली कसा दिसणार ? धुऊन वाळल्यावर त्याच जागी तांबड्या गंजाची बारीक रेघ दिसते. ती रेघ म्हणजे तडा. खिळ्याने खरवडून पाहा, रेघ पुसली गेली नाही तर ती जागा वेल्डरला दाखवा.

धुण्याचीही पद्धत आहे. प्रथम कोरडी सफाई करावी. साट्यातले पाचट, सुतळ्या, उसाची कांडी काढावीत. पाचट चाकाच्या हबभोवती आणि आखाला गुंडाळले जाते, ते कोयत्याने कापून काढावे. मग पुटे भिजवून तास-दोन तास तशीच सोडावीत आणि नंतर खरवडावे. हल्ली बहुतेकांकडे जोराच्या पाण्याचा पंप असतो. त्याची धार बेअरिंगच्या सीलवर आणि दिव्याच्या सॉकेटवर सरळ मारू नये. पाणी आत शिरले की ग्रीस जाते आणि गंज सुरू होतो. धुऊन झाल्यावर सगळ्या निपलांना ग्रीस मारावे, म्हणजे आत गेलेले पाणी बाहेर ढकलले जाते. नवे ग्रीस बाहेर दिसेपर्यंत मारायचे. टायर डिझेलने पुसण्याची काहींना सवय आहे. तसे करू नये, डिझेलने रबर फुगते व कमजोर होते. साबणाचे पाणी पुरे. आणि हे सगळे विहिरीच्या काठावर किंवा ओढ्यात करू नये. ग्रीस-ऑइलचे पाणी शेवटी आपल्याच पिण्यात येते.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. हायड्रॉलिकवर उचलून ठेवलेल्या ट्रॉलीखाली टेकू दिल्याशिवाय कोणीही शिरू नये. पाइप फुटला किंवा पोराने खेळता खेळता दांडी ओढली तर साटा क्षणात खाली येतो. तेव्हा ओरडायलासुद्धा वेळ मिळत नाही. चांगला जाड ओंडका अथवा चॅनेलचा टेकू देऊनच खालून धुवावे. तीच गोष्ट जॅकची. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नसतो. चाक काढायचे तर आखाखाली लाकडी ठोकळे रचावेत आणि बाकीच्या चाकांना दगडाची अटक लावावी.

ट्रॉलीतून उन्हाळ्यात काय काय वाहिले हे आठवून पाहावे. कोणी मळी, कोणी युरिया, कोणी तणनाशकाचे कॅन नेलेले असतात. त्याच फळीवर टोळीची ज्वारीची पोती पडतात आणि लेकरे झोपतात. औषध सांडलेले असल्यास साबणाच्या पाण्याने निदान तीन वेळा धुवावे. लाकडी फळी औषध शोषून घेते. तिला वास येत असेल तर ती बदलूनच टाकावी. युरियाच्या बाबतीत दोन धोके आहेत. एक, तो ओल धरतो आणि पत्रा कुजवतो. दुसरा, खारट चव म्हणून जनावर तो चाटते. युरिया जास्त पोटात गेला तर जनावर फुगते, थरथरते आणि तासा-दोन तासांत दगावू शकते. वाढे टाकण्यासाठी ट्रॉली वापरत असाल तर कोपरेसुद्धा धुऊन घ्यावेत. एवढे करून वर स्वच्छ ताडपत्री अंथरावी आणि मगच धान्य ठेवावे.

जोड

धुतलेल्या ट्रॉलीची पाहणी पुढून मागे करावी. सर्वांत पुढे जोड. ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांना एक लोखंडी पिन धरून ठेवते. पुढे पन्नास अश्वशक्तीचे इंजिन, मागे पंधरा-वीस टनांचा बोजा आणि मध्ये मनगटाएवढ्या जाडीची पिन. दोन ट्रॉल्या असतील तर अशा दोन पिना. ही पिन कशी असते ते आपल्या गाडीतळावर उभे राहून पाहावे. कोणी पहारीचा तुकडा घातलेला, कोणी बोल्ट उलटा टाकलेला, कोणी पिनेला खालून सुतळी बांधलेली. मागच्या हंगामात एका वाहनाच्या पिनेला लॉक म्हणून सायकलचा आरा वाकवून घातलेला मी पाहिला. विचारले तर म्हणाला, ‘साहेब, दोन महिने झाले, काय होत नाही.’ दोन महिने काही झाले नाही हे खरेच होते. पण आरा काढून पाहिला तर खड्ड्यांच्या दणक्यांनी तो निम्म्याच्या वर झिजलेला होता. कारखान्याच्या स्टोअरसमोर वाहन थांबवले, पिन आणि लॉक नवीन घातले आणि मगच सोडले. सगळा खर्च एका खेपेच्या चहापाण्याएवढा झाला.

पिन योग्य जाडीची आणि डोके असलेली असावी. खाली तिचे लॉक म्हणजे स्प्रिंगची क्लिप असावी. पिन मध्ये झिजून कंबर काढल्यासारखी झाली असेल तर ती टाकून द्यावी, तिच्यावर वेल्डिंगचा थर चढवून पुन्हा वापरू नये. ज्या कडीत पिन बसते तीही झिजून लांबट होते. अशा कडीत नवी पिन घातली तरी दणका बसतच राहतो, तेव्हा कडीही बदलावी. त्याशिवाय एक जादा साखळी लावावी. ट्रॉलीच्या दांडीपासून ट्रॅक्टरपर्यंत दोन साखळ्या दांडीखालून एकमेकींना छेद देऊन अडकवल्या तर पिन निसटली तरी दांडी रस्त्यावर न पडता साखळीच्या झोळीत अडकते. वळणावर ताण येणार नाही एवढी ढील असावी, पण जमिनीला घासू नये.

ट्रॉली ट्रॅक्टरला नेमून दिलेल्या खालच्या हुकालाच जोडावी. वरच्या लिंकच्या ठिकाणी जोडली की चढाला पुढची चाके हलकी होतात आणि ट्रॅक्टर घोड्यासारखा उभा राहतो. पुढचे चाक जमिनीवर नसेल तर स्टिअरिंग धरून उपयोग काय ? चार चाकी ट्रॉलीचे टर्नटेबल, म्हणजे पुढचा आख ज्यावर फिरतो ते चक्र, त्यालाही ग्रीस लागते. ते कोरडे पडले की ट्रॉली वळण घेताना अडते आणि मग झटक्याने फिरते. भरलेली ट्रॉली वळणावर आडवी होण्याचे हे एक कारण आहे. आपल्याकडे मात्र त्याचे खापर रस्त्यावर फोडले जाते. रस्ते चांगले नाहीत हे मलाही मान्य आहे, पण टर्नटेबल कोरडे होते हेही पंचनाम्यात लिहिले जावे.

चाके

टायरविषयी सगळ्यांना सगळे माहीत असते, म्हणून थोडक्यात लिहितो. हवा टायर थंड असताना मोजावी आणि ती टायरच्या बाजूला छापलेल्या कमाल आकड्याच्या वर जाऊ देऊ नये. ट्रॉली सहा महिने एकाच जागी उभी राहिलेली असते, तेव्हा टायरच्या बाजूंना उन्हाने भेगा पडतात. भेगेत आतला दोरा दिसला तर तो टायर रस्त्यावर न्यायचा नाही, नक्षी कितीही चांगली असो. जोडचाके असतील तर दोन टायरच्या मध्ये अडकलेला दगड काढावा. ट्रकच्या जुन्या पद्धतीच्या चाकाला वेगळी लोखंडी रिंग असते. अशा चाकात हवा भरताना रिंग नीट बसली नसेल तर ती तोफेच्या गोळ्यासारखी सुटते. हवा भरणाऱ्याने समोर उभे न राहता बाजूला राहावे आणि चाकाला साखळीचा वेढा घालावा.

चाकाचे नट समोरासमोरचे क्रमाने आवळावेत, एकापाठोपाठ गोल फिरून नव्हे. गोल फिरत आवळले तर चाक तिरके बसते आणि पुढे नट आपोआप ढिले होतात. चाक बदलल्यानंतर पन्नास किलोमीटरवर थांबून पुन्हा पाना लावावा. हे आपल्याकडे कोणीच करत नाही आणि मग चाक निखळून शेतात जाते. नटाभोवती गंजाची तांबडी रांगोळी दिसत असेल तर तो नट ढिला आहे असे समजावे. नुसत्या डोळ्यांनी कळणारी ही खूण आहे, आणि पुन्हा सांगतो, ती धुतलेल्या चाकावरच दिसते.

बेअरिंग तपासण्याला फिटर लागत नाही. चाक जॅकवर घ्या, ठोकळे लावा, वर आणि खाली हात धरून हलवा. खडखडले तर खेळ जास्त झाला आहे. मग फिरवून कान द्या. घरघर वा दाणे फिरल्यासारखा आवाज आला तर बेअरिंग गेले. आवाज आला नाही तरी हंगामापूर्वी एकदा हब उघडून जुने ग्रीस पूर्ण काढावे, बेअरिंग रॉकेलने किंवा डिझेलने धुऊन वाळवावे आणि नवीन ग्रीस तळहातावर घेऊन रोलरमध्ये दाबून भरावे. वाटेत पहिल्या थांब्याला प्रत्येक हबजवळ हाताची मागची बाजू न्यावी. एकच हब बाकीच्यांपेक्षा तापलेला असेल तर त्यात बिघाड आहे. तिथेच थांबावे. पुढच्या गावापर्यंत जाऊ असे म्हणणाऱ्यांची चाके पुढच्या गावाच्या अलीकडेच जळतात.

पाट्यांची म्हणजे स्प्रिंगची पाने मोजावीत. तुटलेले पान जागेवरच राहते, म्हणून मोजणीत भरते, पण तुटलेल्या ठिकाणी ताजी चमक किंवा गंजाची आडवी रेघ दिसते. पाट्याच्या पानाला वेल्डिंग चालत नाही. ते पोलाद वेल्डिंगच्या उष्णतेने ठिसूळ होते आणि जोडाच्या शेजारीच पुन्हा तुटते. यू बोल्ट आवळावेत. ते ढिले असले की आख मागे-पुढे सरकतो आणि ट्रॉली रस्त्यावर तिरकी चालते. मागून येणाऱ्याला ती चाल दिसते, हाकणाऱ्याला दिसत नाही. गावात कोणी तसे सांगितले तर त्याच्यावर चिडू नये.

दिवे आणि रिफ्लेक्टर

आता ज्या भागावर मला जास्त लिहायचे आहे तिकडे येतो. ऊसवाहतुकीतले अपघात ट्रॉलीतल्या माणसांनाच होतात असे नाही. अंधारात मागून येणारा मोटारसायकलवाला उभ्या किंवा हळू चालणाऱ्या ट्रॉलीवर आदळतो. त्याच्या वेगात आणि ट्रॉलीच्या वेगात तिप्पट फरक असतो. समोरून येणाऱ्या गाडीचा झोत डोळ्यांवर असतो आणि उसाने भरलेली ट्रॉली रात्री काळ्या भिंतीसारखी दिसते, म्हणजे दिसतच नाही. तो मोटारसायकलवाला बहुतेक वेळा आपल्याच भागातला, कोणा सभासदाचा मुलगा असतो. हंगामात अशी बातमी आली नाही असे वर्ष मला आठवत नाही.

नियम साधा आहे. मागे तांबडे, बाजूंना पिवळे, पुढे पांढरे रिफ्लेक्टर. कारखाना हंगामाच्या सुरुवातीला पट्ट्या लावतो, फोटो निघतात आणि काम झाले असे सगळे समजतात. पण पंधरा दिवसांत त्या पट्टीवर चिखलाचा थर बसतो. मळलेला रिफ्लेक्टर हा रिफ्लेक्टरच नव्हे. म्हणून दर खेपेला, काट्यावर नंबर लागेपर्यंत जो वेळ मिळतो त्यात, ओल्या फडक्याने चारही बाजूंच्या पट्ट्या पुसाव्यात. त्याला दोन मिनिटे लागतात. पट्टी डिझेलने पुसू नये, तिची चमक मरते.

दुसरी अडचण भरणीची. मागच्या फळीवर रिफ्लेक्टर आहे, पण ऊस मागे चार फूट बाहेर आलेला आहे आणि वाढे खाली लोंबत आहेत. मग रिफ्लेक्टर कोणाला दिसणार ? भरून झाल्यावर पन्नास पावले मागे जाऊन बॅटरीचा झोत टाकून पाहावे. दिसला नाही तर रिफ्लेक्टर लावलेले कापड उसाच्या शेवटच्या टोकाला बांधावे. ट्रॉलीला अडकवलेले असे कापड गाडीतळावर रिकामे झाल्यावर काढून पुढच्या खेपेला वापरता येते. कित्येकजण जुन्या सीडी टांगतात. सीडी आरशासारखी असते, तिच्यावर पडलेला उजेड कोनानुसार कोठेतरी भलतीकडे जातो. रिफ्लेक्टरची बनावट अशी असते की उजेड जिथून आला तिकडेच परत जातो, म्हणजे मागच्या चालकाच्या डोळ्यांकडे. सीडी शोभेला ठेवायची तर ठेवा, पण पट्टीच्या जागी नको.

खंडेनवमीला आपण वाहने धुतो, हळदी-कुंकू लावतो, झेंडूचे हार घालतो. जरूर घालावेत. मात्र पूजा झाल्यावर दिव्याच्या काचेवरचे कुंकू पुसावे आणि मागच्या दिव्यावर हार लोंबू देऊ नये. ‘आईचा आशीर्वाद’ लिहायला मागच्या फळीवर भरपूर जागा आहे, रिफ्लेक्टर झाकून लिहायची गरज नाही. मागच्या दिव्याची वायर ट्रॉलीच्या दांडीवर नुसती गुंडाळलेली असते, ती पिनेत सापडून तुटते. वायरला पाइप घालावा, सॉकेट कोरडे ठेवावे आणि संध्याकाळी निघताना दुसऱ्याला मागे उभे करून ब्रेकचा दिवा लागतो का ते विचारून घ्यावे.

वाहन रस्त्यात बंद पडले तर ते शक्यतो कडेला घ्यावे, मागे लांबवर धोक्याचा त्रिकोण ठेवावा आणि एक माणूस बॅटरी घेऊन उभा करावा. आपल्याकडे काय होते ? चाकांना मोठे दगड लावतात, मागे दगडांची रांग मांडतात, झाडाची फांदी ठेवतात आणि दुरुस्ती झाली की दगड तसेच टाकून निघून जातात. त्या दगडांवर रात्री कोण आदळेल याचा विचार होत नाही. दोन लाकडी पाचरी दोरीने ट्रॉलीला कायमच्या बांधून ठेवाव्यात, म्हणजे दगड शोधावाही लागत नाही आणि उचलून ठेवायलाही लागत नाही.

माणसे, घाट आणि बोजा

टोळीची माणसे ट्रॉलीतून आणूच नयेत, हे माझे स्पष्ट मत आहे. मालवाहू ट्रॉलीतून माणसे नेण्यास कायद्याने परवानगी नाही, आणि अपघात झाला तर तीत बसलेल्यांसाठी विमा कंपनी सहसा जबाबदारी घेत नाही, मग मालकाच्या जमिनीवर बोजा चढतो. सामान ट्रॉलीतून आणि माणसे टेम्पो-ट्रॅव्हलरने किंवा एस. टी. ने आणावीत. उचलीच्या रकमा आपण लाखांत देतो, त्यापुढे टोळीच्या तिकिटांचे पैसे फार नाहीत. काही वाहतूकदारांनी हे सुरू केले आहे आणि त्यांच्याकडे मुकादम टिकतात, असा माझा अनुभव आहे.

सामान लावताना जड पोती आणि पाण्याची पिंपे तळाला, मध्यभागी ठेवावीत, हलके वर. दोन चाकी ट्रॉली असल्यास बोजा आखाच्या किंचित पुढे असावा. मागे जास्त झाला तर दांडी वर उचलते आणि ट्रॅक्टरची मागची चाके पकड सोडतात. बांबूची टोके बाहेर असतील तर दिवसा तांबडे फडके आणि रात्री रिफ्लेक्टर बांधावा. गॅसची टाकी उभी बांधावी, शेगडीपासून सोडवून. चालत्या ट्रॉलीत चूल, शेगडी, विडी काही पेटवू नये. खाली पाचट आणि वर ताडपत्री असते हे विसरू नये. एवढे सांगूनही कोणी ट्रॉलीत बसलेच, तर निदान दांडीवर, मडगार्डवर आणि दोन ट्रॉल्यांच्या मध्ये कोणालाही बसू देऊ नका. तिथून पडलेला माणूस सरळ चाकाखाली जातो.

घाट उतरताना, मग तो धारूरचा असो वा आपल्या भागातला, उतार सुरू होण्याआधीच गिअर खाली घ्यावा. उतारावर मध्येच गिअर बदलायला गेलात आणि तो पडला नाही, तर वीस टन तुम्हाला ढकलत नेतात. न्यूट्रलवर डिझेल वाचते असे सांगणाऱ्याचे ऐकू नये. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात. शेतात वळायला ते सोयीचे, पण रस्त्यावर दोन्ही पेडल कडी घालून एक केलीच पाहिजेत. एकावरच पाय पडला तर ट्रॅक्टर आडवा फिरतो आणि मागची ट्रॉली त्याच्यावर येते. नांगरट संपवून थेट वाहतुकीला लावलेल्या ट्रॅक्टरची ही कडी बहुधा उघडीच असते. आणि गाण्याचा आवाज एवढा असावा की मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू येईल.

बोजाबद्दल नवीन काय सांगायचे ? २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा वजनासाठी वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार रुपये दंड आहे. पण दंड पकडले तर. पाटे, पिन, टायर आणि ब्रेक मात्र प्रत्येक खेपेला वजन मोजतात.

टायर-बैलगाडीवाल्यांसाठी थोडेसे. गाडी लहान असली तरी आख, बेअरिंग आणि नट यांचे नियम तेच. जू आणि शिवळा धुऊन पाहाव्यात. जुवाच्या खालच्या बाजूला घामाची आणि मातीची खरबरीत पपडी जमते, तीच बैलाच्या खांद्याला घासते आणि आवाळू येते. जू खरवडून गुळगुळीत करावे, तेल द्यावे. पत्र्या झिजलेल्या असतील तर डांबरी रस्त्यावर बैल घसरतो. रिफ्लेक्टर गाडीला मागे लावावाच, शिवाय जुवाला पुढून पांढरी पट्टी मारावी. पहाटेच्या खेपेला गाडीवान झोपतो आणि बैल सवयीने चालत राहतात. बैलाला गव्हाणीचा रस्ता माहीत असतो हे खरे, पण समोरच्या ट्रकला बैल दिसला पाहिजे ना !

ट्रॅक्टर टोळीसाठी निघण्याआधी वाहन धुऊन, रिकामे करून गट कार्यालयासमोर आणावे. आमचा माणूस तुमच्यासोबत जोड, चाके, पाटे आणि दिवे पाहील. न धुतलेले वाहन पाहिले जाणार नाही, कारण त्यात पाहण्यासारखे काही दिसतच नाही. येताना पाना, जॅक, दोन पाचरी, जादा पिन आणि तिचे लॉक बरोबर आणावे.